किल्ला जंक्शनपर्यंत आलो, आता किल्ल्यापर्यंत कसं जायचं?

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. शहर अभियंता,
नवी मुंबई महानगरपालिका, बेलापूर

विषय: बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत गाड्यांच्या गर्दीत न शिरता सायकलने पोहोचता यावं, याबाबत

महोदय,

आपल्या मुख्यालयाचा पत्ता लिहिताना 'किल्ले गावठाणाजवळ' असं लिहावं लागतं. बाहेरच्या चौकाला सगळे 'किल्ला जंक्शन' म्हणतात. पाम बीच मार्गाने बेलापूरला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे नाव असतं, किल्ला पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

किल्ला तसा लहानच. पनवेलच्या खाडीतून ये-जा करणाऱ्या गलबतांवर नजर ठेवणारं हे ठाणं सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या हातांतून फिरलं, १७३० च्या दशकात चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणातल्या मोहिमांच्या काळात मराठ्यांकडे आलं आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलं. पोर्तुगीज त्याला 'सबायो' म्हणत. शेजारच्या शहाबाज गावाचं हे त्यांच्या जिभेवर झालेलं रूप. किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा नवस बोलला गेला आणि त्यावरून बेलापूर नाव पडलं, अशी आख्यायिकाही आहे. आज शिल्लक आहे तो टेहळणीचा बुरूज, तुटक तटबंदी आणि भरपूर झाडी.

एवढ्या जागेसाठी कोणी गाडी काढून पार्किंग शोधत यावं, असं आम्हाला वाटत नाही; यावंच लागलं तर गावठाणाच्या गल्ल्यांत त्या गाडीचं करायचं काय, हा प्रश्न आहेच. बेलापूर स्टेशनपासून किल्ला जंक्शन दोन किलोमीटरच्या आसपास आहे. सीवूड्स-दारावे स्टेशनकडूनही आरामात पेडल मारत पाव तासात येता येतं. शनिवारी संध्याकाळी दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जावं, बुरूज पाहावा, अंधार पडायच्या आत घरी यावं, अशी ही जागा आहे. या सहलीला साजेसं वाहन सायकलच. अडतं ते शेवटच्या काही शे मीटरांत आणि मधल्या दहा-बारा ठिकाणी.

या पत्राचा मुद्दा त्या दहा-बारा ठिकाणांचा आहे. सायकल मार्ग म्हटलं की आपल्याकडे लांबी मोजली जाते. अंदाजपत्रकात 'अमुक किलोमीटर' अशी ओळ सहज येते; 'अमुक ठिकाणी कर्ब (पदपथाची उंच कडा) जमिनीलगत उतरवला' अशी ओळ येत नाही. सायकल मात्र अडते ती सांध्यांवरच. आठ किलोमीटर गुळगुळीत मार्ग आणि मध्ये एक न ओलांडता येणारा चौक असेल, तर लहान मुलासाठी तो मार्ग शून्य किलोमीटरचा. म्हणून मार्ग जोखायला आम्ही एक साधं माप वापरतो: घरापासून किल्ल्यापर्यंत पाय किती वेळा जमिनीला टेकला? लाल दिव्याला टेकला तो धरायचा नाही. कर्ब, चेंबर, साखळी, उभी केलेली गाडी, न दिसणारं वळण, यांच्यामुळे टेकला तो प्रत्येक धरायचा.

आधी मार्ग कुठून न्यायचा ते बोलू. पहाटे पाम बीचच्या मुख्य रस्त्यावर जाणारे हेल्मेटधारी सायकलस्वार ताशी तीस-पस्तीसच्या वेगाने जातात. त्यांची गरज वेगळी आहे, ते आपला मार्ग काढतात. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. शाळकरी मुलं, सोसायटीचे वॉचमन, दूध-पाववाले, मागे टोपली बांधून मासळी नेणारे, गुडघे दुखतात म्हणून चालण्याऐवजी सायकल धरलेले आजोबा ताशी दहा-बाराच्या वेगाने जातात. त्यांना वेगाच्या गाड्यांलगतची पांढरी पट्टी पुरत नाही आणि त्यांना पाम बीचची गरजही नाही. सीवूड्स, नेरुळ आणि बेलापूरच्या सेक्टरांमधल्या आतल्या रस्त्यांनी त्यांना मुख्य रस्त्याच्या कडेपर्यंत आणता येतं. तिथे नवा ट्रॅक बांधायचा नाही, आहे त्या रस्त्यावरच्या गाड्या हळू करायच्या.

त्यासाठी बोल्ट मारून बसवलेल्या काळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत. गाडीला त्या जाणवतही नाहीत, सायकलचा हँडल मात्र हातातून उडतो, आणि वर्षभरात पट्टी निघून बोल्टचे टोकदार खुंट वर राहतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषातला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो. तो त्या मापाने बांधला तर गाडी ताशी पंचविसावर येते आणि सायकल त्यावरून होडीसारखी तरंगत जाते. फसतं ते बांधताना. लांबी दीड मीटरवर आटपली जाते, उंची मात्र पूर्ण दहा सेंटीमीटर राहते. मग तो गतिरोधक उरत नाही, बांध होतो. मुकादमाच्या हाती लाकडी साचा दिला आणि बिल त्या साच्याने मोजून काढलं, तर ही चूक होत नाही.

खाडीकडची बाजू सुंदर आहे हे आम्हालाही दिसतं, तरी मार्ग कांदळवनातून किंवा त्याला चिकटून नेऊ नका, ही आमची विनंती आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनं तोडण्यावर बंदी घालताना त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही मोठ्या कांदळवनाभोवती एवढाच पट्टा आहे. तिथे काँक्रीट ओतायचं ठरवलं तर परवानग्यांत वर्षं जातील, आणि जायलाही हवीत. शिवाय भरती-ओहोटीची माती फुगते नि आकसते, तिच्यावरचा ट्रॅक दुसऱ्या पावसाळ्यात लाटा मारायला लागतो.

धारण तलावांच्या बांधांचं तसं नाही. ते आधीपासून आहेत. पण हे बांध पूर सांभाळायला बांधलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. म्हणून बांधाच्या माथ्यावर फक्त पृष्ठभाग करावा. दिव्यांच्या खांबांसाठी, कुंपणासाठी, बाकांसाठी बांधात खोल खड्डे घेऊ नयेत. खांबाशेजारून पाणी झिरपायला लागलं की बांध आतून पोखरतो. आणि जिथे लोक पहाटे-संध्याकाळी चालायला येतात, त्या जॉगिंग ट्रॅकवर सायकली ढकलू नयेत. तीन-चार मीटर रुंदीत शंभर चालणारे आणि वीस सायकली असल्या की भांडण ठरलेलं, आणि त्यात चालणाऱ्यांचं म्हणणं बरोबर असतं. बांधाची रुंदी पाच मीटरहून कमी असेल तर सायकल खालच्या रस्त्याने न्यावी.

आता सांधे.

पहिला, कर्ब. पदपथाची कडा बहुतेक ठिकाणी १५ सेंटीमीटर उंच असते. ती उतरवताना १ ला १२ हा उतार धरला तर १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून तो साठ सेंटीमीटरांत बसवला की उतार १ ला ४ होतो आणि सामान लादलेली सायकल मागे लोळते. खरी मेख खालच्या टोकाला आहे. रॅम्प बांधून झाला, मग रस्त्याचं डांबरीकरण झालं किंवा झालंच नाही, आणि रॅम्पची कडा रस्त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर राहिली. एवढीशी पायरी चारचाकीला कळत नाही. सायकलचं चाक तिच्यावर आदळलं की ट्यूब रिम आणि कडेच्या मध्ये चिमटते, साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तिरकं आलं तर आणखी वाईट, चाक कडेला घासत सरकतं आणि माणूस आडवा होतो. म्हणून फरक ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि रॅम्पची कडा सायकलच्या दिशेला काटकोनात हवी. पावसाचं पाणी नेमकं या खोबणीत साचतं. त्यामुळे रॅम्पच्या खाली जाळीचा चेंबर ठेवायचा मोह होतो. तो चढाच्या बाजूला, रॅम्पच्या दोन मीटर आधी हवा, आणि जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या पट्ट्यांत सायकलचं बारीक टायर उभंच्या उभं जातं. चुकीच्या दिशेने बसवलेली चौकोनी जाळी उचलून नव्वद अंशांत फिरवली की काम झालं. त्याला निविदा लागत नाही.

दुसरा, प्रवेशाचे खांब. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून खांब, साखळ्या, नागमोडी लोखंडी अडसर लावले जातात. इथे एकदा स्पष्ट बोलायला हवं: स्कूटर अडेल आणि सायकल जाईल अशी फट नसते. दोघांच्या हँडलची रुंदी जवळजवळ सारखीच. स्कूटर अडवणारा अडसर मागे मूल बसवलेली सायकल, तीनचाकी आणि अपंगांची हाताने चालवायची सायकलही अडवतो. स्कूटरवाला तर कुंपण वाकवून बाजूने जातोच. खांबांनी रिक्षा आणि मोटार अडवावी, बाकीचं काम दंडाने करावं. रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते. मार्ग प्रवेशापाशी २.५ मीटरांवर आणून मधोमध १० सेंटीमीटर जाडीचा एकच खांब रोवला की दोन्हीकडे १.२ मीटरची वाट उरते. रिक्षा जात नाही, सायकल पाय न टेकता जाते. खांब मीटरभर उंच, वर चमकणारी पट्टी, आणि अलीकडे तीन-चार मीटर जमिनीवर पांढरी रेघ. गुडघ्याएवढे दगडी गोळे नकोत, पुढच्या सायकलच्या आडून ते दिसत नाहीत. साखळी तर अजिबात नको. संध्याकाळच्या उजेडात साखळी दिसतच नाही, आणि ती छातीवर किंवा गळ्यावर बसते. रुग्णवाहिकेसाठी काढता येणारा खांब ठेवणार असाल तर खाचेला बिजागरीचं झाकण हवं. सुटं झाकण हरवतं आणि रस्त्यात चाक अडकेल असं भोक उरतं.

तिसरा सांधा किल्ला जंक्शन. या ठिकाणी आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत.

इथे पाम बीच मार्ग आणि उरणकडे जाणारा आम्र मार्ग भेटतात. बंदराकडे जाणारे-येणारे कंटेनर ट्रेलर याच वाटेवर असतात. सायकलवाला कुठूनही आला तरी यांतला एक तरी रस्ता त्याला ओलांडावाच लागतो. एका बाजूच्या तीन मार्गिका, प्रत्येकी साडेतीन मीटर धरल्या, तर दुभाजकापर्यंत साडेदहा मीटर. सायकल हातात धरून चालणारं मूल सेकंदाला एक मीटर जातं, म्हणजे साडेदहा सेकंद. थांबलेल्या सायकलवर पाय मारून निघणाऱ्याला सात-आठ. दोन्ही बाजू एका दमात पार करायच्या तर दुभाजक धरून पंचवीस सेकंद लागतात. एवढा हिरवा दिवा देता येत नसेल तर मध्ये थांबायची जागा हवी, आणि ती सायकलच्या मापाची. सायकल १.८ मीटर लांब असते. दुभाजकातली जागा दीड मीटर असेल तर पुढचं चाक एका रस्त्यावर नाहीतर मागचं चाक दुसऱ्या रस्त्यावर राहतं. खोली किमान अडीच मीटर हवी, मूल मागे जोडगाडीत बसवलेलं असेल तर तीन. तिथे झुडपं लावू नयेत. लावलीच तर गुडघ्याच्या वर वाढू देऊ नयेत. दुभाजकातली फुललेली बोगनवेल सायकलवरच्या मुलाला पूर्ण झाकते.

सिग्नलपेक्षाही घातक असतं ते मोकळं डावं वळण, फ्री लेफ्ट. सायकलवाला हिरव्या दिव्यावर सरळ निघतो, शेजारचा ट्रेलर न थांबता डावीकडे वळतो. ट्रेलरच्या केबिनच्या डाव्या कोपऱ्यालगत उभी असलेली सायकल चालकाला दिसत नाही. शिवाय ट्रेलर वळताना पुढची चाकं मोठं वळण घेतात आणि मागची चाकं आत कापत येतात. पुढची चाकं लांबून गेली म्हणून निर्धास्त उभा असलेला माणूस मागच्या चाकांखाली सापडतो. हा धोका फलक लावून जात नाही. उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र केले तरच उपयोग. ओलांडायची जागा वळणाच्या तोंडापासून पाच-सहा मीटर मागे घ्यावी, म्हणजे ट्रेलर सरळ होईपर्यंत सायकल समोर काचेतून दिसते. वळणाची त्रिज्या कमी करून ओलांडायची जागा रस्त्यापासून दहा सेंटीमीटर उचलावी, म्हणजे वाहनाला वेग कमी करावाच लागतो. आणि सायकल-पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असेल तेव्हा डाव्या वळणाचा दिवा लाल ठेवावा. हे जमणार नसेल तर निदान सायकलींना गाड्यांच्या पाच सेकंद आधी हिरवा द्यावा. तेवढ्या वेळात त्या चालकाच्या नजरेसमोर येतात. मार्गिकेची रुंदी ट्रेलरला पुरत नाही, असा आक्षेप वाहतूक विभागाकडून येईल. रास्त आहे. त्यासाठी वळणाच्या आतल्या कोपऱ्यात ट्रेलरची मागची चाकं चढू शकतील असा खडबडीत दगडी पट्टा ठेवता येतो. मोटारी त्यावर जात नाहीत, ट्रेलर जातो.

एक सांधा नकाशावर दिसतच नाही. रस्त्याच्या एकाच बाजूला दुतर्फा सायकल मार्ग केला की सोसायटीच्या किंवा पेट्रोल पंपाच्या फाटकातून बाहेर पडणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. डावीकडून येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. म्हणून प्रत्येक फाटकापाशी सायकल मार्ग उंचीवर तसाच पुढे न्यावा. गाडीने चढून उतरायचं, सायकलने नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पाच मीटरपर्यंत पार्किंग, फलक, जाहिरातीची पेटी, काहीही नको.

मार्गाचा पृष्ठभाग कसा असावा, हे थोडक्यात. पेव्हर ब्लॉक नकोत. त्यांच्या खालची वाळू आपल्याकडच्या पावसात वाहून जाते, ब्लॉक डुगडुगतात आणि सायकल ड्रिल मशीनसारखी थरथरते. यंत्राने अंथरलेलं बारीक डांबर सर्वांत चांगलं. दुतर्फा मार्गाला अडथळ्यांशिवाय ३ मीटर रुंदी आणि एका बाजूला २ टक्के उतार, म्हणजे कडेला ६ सेंटीमीटरचा फरक. संपूर्ण मार्ग निळा-हिरवा रंगवू नये. तो रंग ओला झाला की तेलकट होतो. रंग फक्त चौकात, खडी मिसळलेला. झाडांच्या सावलीत जुलैनंतर शेवाळ धरतं, ते पंधरा दिवसांतून एकदा ताठ ब्रशने घासावं लागतं. ब्लीचिंग पावडर टाकून खाडीच्या काठी काम भागवू नये. विलायती चिंचेच्या फांद्या छाटल्या की काटे त्याच दिवशी झाडून न्यावेत. एका फांदीचे काटे आठवडाभर पंक्चर देतात. आणि केबलसाठी खोदलेली चर मार्गाच्या लांबीला समांतर असेल तर फक्त चरीवर माती-सिमेंट थापून चालणार नाही. ती खचते आणि टायर धरणारी खोबण तयार होते. खोदणाऱ्याने किमान मीटरभर रुंदी पुन्हा करून द्यावी, अशी अट खोदकामाच्या परवानगीतच घालावी.

दिवे चार मीटरपेक्षा उंच नकोत, उजेड पिवळसर आणि खालच्या दिशेने झाकलेला हवा. खाडीकडे तोंड करून पांढरेफेक फ्लडलाइट लावले की पक्ष्यांनाही त्रास आणि सायकलवाल्यालाही. तो उजेडातून अंधारात शिरताना आंधळाच होतो.

आता शेवटचे काही शे मीटर, म्हणजे किल्ले गावठाण. इथे सायकल ट्रॅक बांधू नका. गल्ल्या लोकांच्या अंगणासारख्या आहेत. दारात मोटारसायकल, ओट्यावर म्हातारी माणसं, वाळत घातलेली सुकी मासळी, खेळणारी पोरं. तिथे रंगवलेली पट्टी ओढली तर गावाला वाटेल आपली जागा गेली, आणि ते वाटणं चुकीचं नसेल. नवी मुंबईत जमिनीचा विषय कसा असतो हे आम्ही आपल्याला सांगायला नको. इथे ताशी वीसची मर्यादा, दोन फलक आणि आधी गावकऱ्यांबरोबर बैठक, एवढंच पुरे. सायकल कुठे लावायची हे गावानेच ठरवावं. नवरात्रात गोवर्धनी मातेच्या दर्शनाची गर्दी असते, त्या नऊ दिवसांत सायकली गावाबाहेरच थांबतील असं ठरवून टाकावं. आणि पाहुण्यांसाठी पाणी आणि स्वच्छतागृह आधी, फलक नंतर. नाहीतर पाहुणे कुणाच्या तरी दारात जाऊन विचारणार.

सायकली बुरुजाला किंवा तटबंदीला टेकवल्या जाऊ नयेत. हँडलने आणि पेडलने जुन्या दर्जांतला चुना निघतो, एकदा दगड मोकळा झाला की पुढचं काम पाऊस करतो. स्टँड किल्ल्याच्या हद्दीबाहेर, आधीच फरसबंदी असलेल्या जागी बसवावा. किल्ल्याच्या मातीत पायासाठी खोदू नये, तिथे काय गाडलेलं आहे ते आधी जाणकारांना पाहू द्यावं. स्टँड म्हणजे उलट्या यू आकाराचा पाइप. ५० मिलिमीटर व्यासाचा, जमिनीपासून ७५ ते ८० सेंटीमीटर उंच, दोन स्टँडमध्ये एक मीटर अंतर. एका स्टँडला दोन सायकली, फ्रेम आणि चाक दोन्हीला कुलूप लागतं. असे दहा स्टँड दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद जागेत बसतात. पुढचं चाक फटीत खोचायचे स्वस्त रॅक घेऊ नका. सायकल कलली की रिम वाकते, आणि चोर चाक तिथेच सोडून बाकी सायकल घेऊन जातो. खारी हवा आहे, त्यामुळे नुसता रंग टिकणार नाही. जोडकाम आणि भोकं आधी, मग गरम जस्ताचा मुलामा. मुलाम्यानंतर वेल्डिंग केलं की गंज नेमका त्या सांध्यातूनच सुरू होतो. हवा भरायचा पंप ठेवणार असाल तर एक लक्षात घ्यावं: आपल्या साध्या काळ्या सायकलीचा व्हॉल्व वेगळा, गिअरच्या सायकलींना बहुधा मोटारीसारखा श्रेडर, आणि बारीक टायरच्या सायकलींना प्रेस्टा. एकाच तोंडाचा पंप ठेवला तर निम्मे लोक त्याच्याकडे पाहून पुढे जातील, आणि निम्मे तो मोडतील.

दिशादर्शक फलकांवर अंतराबरोबर मिनिटं लिहावीत. ताशी बारा धरलं तर दोन किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं. 'किल्ला १० मिनिटं' हे वाचून माणूस निघतो. फलक वळणावर एक आणि वळणानंतर वीस मीटरवर एक. दुसरा फलक नसेल तर लोक शंभर मीटर जाऊन परत येतात.

हे सगळं एकट्या महापालिकेच्या हातात नाही, याची आम्हाला कल्पना आहे. जमीन आणि किल्ल्याचा विषय सिडकोकडे, उरणचा रस्ता महामार्गवाल्यांकडे, सिग्नलच्या वेळा वाहतूक पोलिसांकडे, खाडीचा काठ कांदळवन कक्षाकडे. फाईल अशा चौघांत फिरली की सांधा कुणाचाच राहत नाही. म्हणून पहिलं मागणं पैशांचं नाही. या मार्गासाठी महापालिकेने एक अभियंता नेमावा आणि प्रत्येक सांध्याला क्रमांक द्यावा. तक्रारीत 'सांधा क्रमांक ७, रॅम्पची कडा वर आली' असं लिहिता आलं की काम आठवड्यात होऊ शकतं. 'सायकल ट्रॅक खराब आहे' असं लिहिलं तर कधीच नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा: जाळ्या फिरवणं, साखळ्या काढणं, झुडपं छाटणं लगेच. कर्ब उतरवणं आणि खांब पावसाळ्याआधी. किल्ला जंक्शनचं डावं वळण आधी तात्पुरतं, प्लास्टिकचे खांब आणि रंग वापरून तीन महिने चालवून पाहावं, ट्रेलर कुठे अडतो ते चाकांच्या खुणांवरून मोजावं, मग पक्कं बांधावं. मधल्या लांब सरळ तुकड्यांना सगळ्यांत शेवटी हात लावला तरी चालेल.

पाहणीला यायची आमची तयारी आहे. रविवारची सकाळ नको. तेव्हा सगळंच सोपं दिसतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते साडेसात, सीवूड्स-दारावे आणि बेलापूर या दोन्ही स्टेशनांपासून एकेकदा. आपल्याकडून मोजपट्टी, पातळी पाहायची नळी आणि सिग्नलच्या सध्याच्या वेळांचा तक्ता आणावा. पाण्याच्या दोन बादल्याही लागतील, रॅम्पच्या खाली ओतून पाणी कुठे थांबतं ते पाहायला. मागे वीस किलो तांदूळ बांधलेली साधी सायकल, एक तीनचाकी आणि दहा वर्षांचा एक सायकलस्वार, त्याच्या पालकांसह, आम्ही आणू. पाय किती वेळा टेकला ते तोच मोजेल.

आपले,
सीवूड्स, नेरुळ आणि बेलापूरमध्ये रोज सायकल चालवणारे नागरिक

प्रत माहितीसाठी:
सिडको, बेलापूर
वाहतूक पोलीस, नवी मुंबई
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग
किल्ले गावठाणातील ग्रामस्थ